गाण्याच्या मधोमध कडी पडली

बायांनो, आज दुपारी मी आमच्याच घरात तासभर कोंडले गेले. हसू नका.

मला धड लिहिता येत नाही, हेही फोनला बोलूनच सांगतेय. गाणं सुचलं की लगेच फोनमध्ये म्हणून ठेवावं लागतं, नाहीतर गेलंच. चार दिवस माहेरचं, इगतपुरीच्या धुक्याचं गाणं डोक्यात घोळत होतं. घरात कायम टीव्ही, नाहीतर यांचं "अगं, ऐकलं का!" म्हणून गाद्यांच्या खोलीत जाऊन बसले. तिथं आवाज घुमत नाही.

दुसऱ्या कडव्यात होते आणि बाहेरून कडी पडली. खट्ट. यांचंच काम. मांजर शिरतं म्हणून येता-जाता कडी घालतात, आत कोण आहे ते बघत नाहीत.

ओरडले असते तर गाणं मोडलं असतं. मी तशीच गात राहिले. तिसरं कडवं संपवलं आणि मग दार बडवलं. कोण ऐकतंय! यांना फोन लावला, तोही उचलला नाही. घामानं निथळत बसले.

चार वाजता दार उघडलं.

"अगं, तू इथं? घरभर शोधतोय. चहा नाही का आज?"

"एवढं दार बडवलं ते ऐकू आलं नाही?"

"मला वाटलं, शेजारी सुतार आलाय."

चहा टाकला. दुसरं काय करणार?

संध्याकाळी सुनेला गाणं ऐकवलं. ती म्हणाली, "आई, मस्त झालंय. मधला तो खट्ट आवाज तेवढा काढून देते."

मी म्हटलं, थांब जरा. बायांनो, तुम्हीच सांगा, काढू का? गाणं तर त्या कडीच्या आतच पुरं झालंय.