तापायला ठेवलेलं वावर

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजारात सकाळी भाजी उतरवली की आम्ही दोन-चार शेतकरी चहाला बसतो. किस्से कुणी जमवत नाही. कोथिंबिरीच्या जुडीला माती यावी तसे ते सोबतच येतात.

यंदा सगळे किस्से डेटा सेंटरचे. सरकार म्हणे कायदा करतंय: असलं सेंटर बागायती जमिनीवर नको, पडीक असेल तर चालेल. आमच्याच शिवारात एक येऊ घातलंय, मग उत्सुकता असणारच की!

आमच्यातल्या गजाननभाऊंनी विचारलं, त्यात ठेवतात तरी काय? मी सांगितलं, आपल्या फोनमधले फोटो, व्हिडिओ तिथंच साठतात. दुसऱ्या दिवशी बघतो तर भाऊ चहा बाजूला ठेवून फोनमधली गुड मॉर्निंगची फुलं एकेक करून पुसत बसलेले.

"माह्यापायी कोनाचं वावर जाले नोको," म्हणाले.

मग गावात सभा झाली, भर मे महिन्यात. कंपनीचा माणूस घाम पुसत सांगत होता, मशिनी फार तापतात, त्यांना सतत थंड ठेवावं लागतं. आमच्या चहातल्या बाबारावांनी एवढंच विचारलं, "मंग वाशीम जिल्ह्यात काहून येऊन राह्यले?"

त्याच सभेत तहसीलचे साहेब म्हणाले, बागायतदारांनी हात वर करा. एकही हात वर नाही! साहेब दिसला की कोरडवाहू म्हणायची आमची जुनी सवय; बागायत आम्ही फक्त सोयरिकीच्या वेळी सांगतो. शेवटी साहेब स्वतःच जमिनी बघायला निघाले; मागोमाग गजाननभाऊ आणि आम्ही.

पहिलंच वावर आमच्यासोबतच बाजारात भाजी आणणाऱ्या सुशीलाताईंचं, रस्त्याला लागून. याच एका वावरावर त्यांनी दोन्ही लेकी शिकवल्या. वांगी निघाल्यावर नांगरून उन्हात तापायला ठेवलेलं. माती तापली की कीड मरते, हे आम्हाला ठाऊक. साहेबांना नुसती ढेकळं दिसली. "पडीकच आहे," म्हणत त्यांनी फोनवर फोटो काढला.

ताईंनी विहीर दाखवली, वांग्याची उपटलेली झाडं दाखवली. साहेब म्हणाले, फोटोत दिसतं तेच वर जातं.

ताईंनी एकदा गजाननभाऊंकडे बघितलं, मग साहेबांच्या फोनकडे.

"साहेब, हा फोटो ठेवालेबी जागा लागन ना? तीबी मीच देऊ काय?"