मुका फोन

आमच्या गुप्तवार्ता खात्यात आलेल्या नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगायची, बातमी खरी की खोटी हे नंतर बघा. ती दुसऱ्या कुठल्या कहाणीत बसते का, ते आधी बघा. दोन्हीकडे बसत असेल तर तिच्या जिवावर काही ठरवू नका. पोरं माना डोलवायची. मान डोलवायला काय जातं! मीच नोकरीभर लोकांच्या बातम्या पाखडल्या आणि घरी आले की डोक्याला कुलूप लावलं.

आमचं घर आगाशीच्या अलीकडे, मागे केळीची वाडी. धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला. निघण्याआधी बाबांशी त्याचं कडाक्याचं वाजलं. वाडी विकून टाकू, चंदनसारला फ्लॅट घेऊ, म्हणाला. बाबा म्हणाले, "जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." पुढे एका सकाळी तो बोटीवर कुठेच नव्हता. भर समुद्रात माणूस जाणार कुठे? शोधाशोध झाली, हाती काही लागलं नाही. बाबांनी सांगून टाकलं, "मेला तो. चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा ठेवा आणि मोकळे व्हा." आई उसळली. "माझ्या पोरासाठी मेलेल्यांची मिस्सा? मी डोळे मिटेपर्यंत तरी नाही."

मग तो फोन यायला लागला. घरचा जुना, तारेचा फोन, नंबर न दाखवणारा. रविवारी मिस्साहून आलो की वाजायचा. पलीकडे कोणी बोलायचं नाही, नुसता श्वास. आई मात्र बोलत सुटायची. फणस किती लागले, कोणाचं लग्न ठरलं, बोंबील कसे महागले. शेवटी ठरलेलं वाक्य, "बाबांवर राग धरू नको रे बाळा. तोंडाने फटकळ आहेत, मनाने नाहीत."

नंबर काढणं मला काय अवघड होतं? पण आईने शपथ घातली. "शोधलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. घाबरून बंदच करेल तो." मी शोधला नाही. खरं तर मलाही शोधायचा नव्हता.

एकदा विचारलं, "आई, बाबा घरात असताना हा फोन कधीच कसा येत नाही गं?"

"अजून घाबरतो त्यांना."

आणि मला पटलं की हो! त्या वेळी बाबा वाडीत पंप लावायला गेलेले असायचे, हे डोळ्यांसमोर होतं. त्यातून मी भावाचा स्वभाव वाचला, बाबांचा नाही. बाबा म्हणजे दगड, हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं की ते तपासून बघावं असं कोणाला सुचलंच नाही.

बाबा गेल्या पावसाळ्यानंतर गेले. छातीत कळ आली, वसईला इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मातीच्या वेळी आईने फादरना अडवलं, "जरा थांबा, मुलगा येईल." बिचारे थांबले. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते बघितलं. आईचा चेहरा मात्र उजळला. "फोन नाही म्हणजे निघाला. वडिलांचं कळलं असणार त्याला." तिने त्याची गादी उन्हात टाकली.

पंप बिघडला म्हणून मी वाडीतल्या खोलीत गेले, तर खताच्या पोत्यामागे बटणांचा लहानसा फोन. चार्ज करून बघितला. त्यावरून एकच नंबर लावलेला होता, पुन्हा पुन्हा. आमच्या घरचा.

मी ढसाढसा रडले. हा माणूस घरात "मेला तो" म्हणायचा, आणि रविवारी केळीत उभा राहून बायको त्या पोराशी काय बोलते ते कान लावून ऐकायचा. तिने केलेली स्वतःची वकिलीसुद्धा. तोंडातून एक शब्द काढायची सोय नाही, तिने आवाज ओळखला असता.

आईला सांगितलं. ती गादी मला बघवत नव्हती. आता तरी भावाच्या नावाची मिस्सा होईल, आई एकदाची पोटभर रडेल, एवढीच आशा. फोन तिच्या हातात दिला आणि काही न लपवता सगळं बोलले.

आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"म्हणजे बापलेकाचं जमलं होतं! आणि मला पत्ता लागू दिला नाही मेल्यांनी."

"अगं आई, बाबाच करायचे फोन. तो नव्हताच."

"तेच म्हणते मी. तो तिकडून यांना लावायचा, हे मला जोडून द्यायचे. नाहीतर तुझे बाबा कसले मला फोन करतात!"

फोन आला तर पोर जिवंत. नाही आला तर वाटेत. आणि फोन बापाचा निघाला तर दोघांचं गूळपीठ. आता आणखी कुठला पुरावा आणू हिच्यासमोर? समुद्राने तर काहीच परत दिलं नाही.

"बघत काय राहिलीस?" आई म्हणाली. "त्याच्याकडे याचा नंबर असणार. चार्जिंगला लाव."

मी लावला, जुन्या फोनच्या शेजारी. हल्ली रविवारी ती मिस्सालाही येत नाही, दोन फोनांसमोर बसून असते. पंप लावायला मी जाते. जाताना माझा फोन मुद्दाम घरी ठेवते. केळीत उभं राहून माझा हात कुठला नंबर लावेल, याचा मला भरवसा नाही.