भिंतीपलीकडचा खलबत्ता

लग्नात माइकवर बोलणं हा माझा धंदा. अक्षता पडायच्या आधी मांडवात कोण कोण आलंय, ते मी नावानिशी, गावानिशी, पदानिशी पुकारतो. माजी सरपंच पुढच्या सोफ्यावर आणि आजी सरपंच मागच्या खुर्चीवर बसले असले, तरी दोघांनाही आपणच मोठे असं वाटावं, असा आवाज मी लावू शकतो. नवरदेवाच्या मामाच्या साडूचं नाव मला पाठ असतं. एका मांडवातून दुसऱ्या मांडवाकडं मोटारसायकलवर जाता जाता जुनी नावं पुसायची आणि नवी भरायची, हे मला झोपेतसुद्धा जमतं.

आणि रक्तदाबाची एक गोळी, मिऱ्यापेक्षा जराशी मोठी, सकाळी उठून तोंडात टाकायची, एवढं जमत नाही.

खरं म्हणजे ते खातं माझ्याकडं कधी नव्हतंच. ते बायकोकडं होतं. चहाच्या आधी ती एका हातात गोळी आणि एका हातात पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहायची. मी लगेच मांडवातला आवाज काढायचो. "आता आपल्यामध्ये आगमन होत आहे, पांढऱ्याशुभ्र वेशातील, औषधाच्या दुकानातून खास आपल्यासाठी पधारलेल्या..."

"गिळा."

"दोन शब्द तरी बोलू द्या."

"आधी गिळा. आणि जीभ दाखवा."

जीभ दाखवावीच लागायची, कारण एकदा गालात धरून ठेवलेली गोळी तिला गुळाच्या डब्यामागं सापडली होती. त्या दिवशी मला चहा मिळाला तो बिनसाखरेचा, आणि वर "भाषण करा आता" असा आहेर.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या दुखण्याविषयी मी इथं सांगणार नाही. त्याला माइकचा आवाज चालत नाही, आणि दुसरा आवाज मी कधी कमावला नाही.

पुण्याहून लेकीनं आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे असलेली प्लास्टिकची डबी पाठवली. छान डबी आहे. मी त्यात लवंग, वेलदोडा, बडीशेप ठेवतो. माइकवर घसा बसला की उपयोगी पडते. मग तिनं मोबाइलमध्ये गजर लावून दिला. तो वाजला की मी फोन कानाला लावून "नमस्कार, बोला, तारीख कोणती?" म्हणायचो. सकाळी तिचा मेसेज यायचा, "पप्पा, गोळी?" मी अंगठा पाठवून द्यायचो. अंगठ्याला कुणी जीभ दाखव म्हणत नाही.

शेवटी कामाला आली ती भिंत. उमरग्यात आमची घरं चिकटून आहेत. माझं स्वयंपाकघर आणि शेजारच्या चाचींचं स्वयंपाकघर यांच्यात अर्ध्या विटेची भिंत. चाचा आणि चाची दोघंच असतात, मुलं हैदराबादला. चाची रोज सकाळी चहासाठी लोखंडी खलबत्त्यात अद्रक कुटतात. ठक, ठक, ठक, आणि मग खल खरवडल्याचा आवाज. बायको गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आवाज मला नीट ऐकू आला. एकदा गोळी हातात होती आणि पलीकडं कुटणं सुरू झालं. मी गोळी टाकली, पाणी प्यालो, आणि जमलं की! दुसऱ्या दिवशी ठक ऐकलं आणि हात आपोआप फडताळाकडं गेला. मग रोजचंच झालं. चाचींना याचा पत्ता नव्हता. आपण अद्रक कुटतो आणि शेजारचा गृहस्थ उठून तोंड उघडतो, हे त्यांना कुठनं कळणार? सगळा हिवाळा माझा रक्तदाब चाचींच्या चहावर चालला.

मग रमजान लागला.

तो लागला हे मला माहीत होतं. संध्याकाळी परसातल्या बुटक्या भिंतीवरनं भज्यांची ताटली येत होती, मी ती आनंदानं रिकामी करत होतो आणि दुसऱ्या दिवशी तीत केळी घालून परत देत होतो. पण सहरीचा, म्हणजे रोजा धरायच्या आधीच्या खाण्याचा, चहा उजाडायच्या आत होतो आणि त्या वेळी मी घोरत असतो. मी उठायचो तेव्हा पलीकडं सगळं शांत. मला त्यांची तहान कळली, भज्यांचा वास कळला, पण सकाळी काय वाजत नाही ते कळलंच नाही. मी उठायचो, हॉटेलात चहा प्यायचो, अंगठा पाठवायचो आणि मांडवात जायचो.

असाच एका मांडवात उभा होतो. नवरीच्या काकांचं नाव घ्यायचं होतं. आठवेना. मांडवाचं छत हळूच एका बाजूला कललं, पुढच्या रांगेतले फेटे एकमेकांत मिसळले. मी माइकचा दांडा धरला आणि धरूनच खाली बसलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचीही चूक नाही. बिदाईच्या वेळी मी गुडघ्यावर बसून रडतो, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पहिल्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "ह्यानं लई लवकर रडाया घेतलं की आज. अजून अक्षता बी न्हाय पडल्या." ते मला स्पष्ट ऐकू आलं. हसू आलं, पण हसता येईना. साउंडवाल्यानं तेवढं ओळखलं. त्यानं माइक काढून घेतला, गाणं लावलं आणि मला गाडीवर घालून हायवेवरच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला. "गोळी चालू आहे ना?"

"अखंड!"

पट्टा फुगला, बसला. त्यांनी पुन्हा फुगवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अशानं एक दिवस तोंड वाकडं होईल. बोलणं जाईल. घरी कोण असतं?"

"घर भरलेलं आहे, डॉक्टर."

"मग त्यांतल्या कुणाला तरी सांगा, रोज सकाळी विचारायला."

घरी आलो. दार उघडलं आणि खरंच, त्यांतलं कोण विचारील म्हणून सगळीकडं पाहिलं. कपाट होतं. मिक्सर होता. खिडकीत तिनं लावलेली तुळस होती, ती माझ्यापेक्षा बरी होती. फडताळात गोळ्यांची पट्टी होती, नव्या चादरीसारखी घडी न मोडलेली. मग तिथंच ओट्याला टेकून उभा असताना मला कळलं, की या घरात सकाळी कसलातरी आवाज व्हायचा आणि तो आता होत नाही.

संध्याकाळी भिंतीवर ताटली आली, तेव्हा चाचींना सगळं सांगितलं. अगदी मांडवासकट, टाळ्यांसकट, म्हाताऱ्याचा आवाज काढून. त्या आधी इतक्या हसल्या की पदर तोंडात धरला. "क्या भाऊ, हमारे साथ गोली का बी रोजा रख लिये क्या?"

"व्हय चाची. पण सोडायचा कधी, ते कुणी सांगितलंच नाही."

चाचींनी ताटलीवरचा रुमाल उगाच नीट केला. "वहिनी जीभ देखती थी ना तुमारी," त्या म्हणाल्या. "भिंतीतनं सगळं ऐकू यायचं मला. मैं इधर हसती थी." आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशी घरातनं, आवाज आला. नेहमीचा ओला ठक नव्हता. कोरडा, घंटेसारखा, लोखंडावर लोखंड. खलात काही नव्हतं. चाची रिकामाच खल कुटत होत्या.

मी गोळी घेतली, पाणी प्यालो, आणि पलीकडं कळावं म्हणून रिकामा स्टीलचा ग्लास भिंतीवर दोनदा वाजवला. पलीकडनं चाचा म्हणाले, "ले लिया शायद." मग कुटणं थांबलं. त्या दिवशी मांडव नव्हता. संध्याकाळच्या ताटलीपर्यंत माझ्याशी झालेलं बोलणं तेवढंच.

आता ईद होऊन गेली. शीरखुर्मा आला, अद्रकाचा ओला ठक परत आला. तरी कुटून झाल्यावर चाची बत्त्यानं खलाच्या काठावर दोन कोरडे ठोके देतात. ते माझे. मी ग्लासानं उत्तर देतो. लेकीला आता अंगठा पाठवतो तो खरा असतो.

एवढंच, की काही सकाळी गोळी पोटात गेलेली असते, ग्लास रिकामा हातात असतो, आणि मी तो वाजवत नाही. भिंतीजवळ श्वास धरून उभा राहतो. पलीकडं जरा वेळ सगळं थांबतं. मग ठोके पुन्हा येतात, या खेपेला जोरात, आणि त्यांच्यामागून आवाज, "ओ भाऊ! लिये का नहीं?"

मी आणखी थोडा थांबतो. मग ग्लास वाजवतो.