बावीस नंबरची कॅसेट

रविवार, २१ फेब्रुवारी २०१०. कासार आंबोली.
पहाटे गारवा. मोगऱ्याला पाणी घातलं. धोंडाबाई सुट्टीवर. साडेनऊला गौतमीबरोबर रिक्षाने लवळ्याला गेले. कॅसेट मिळाली नाही. दीड वाजता परत. वरण-भात. पाच वाजता ज्ञानदेव आला, वीस मिनिटं बसला.

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला रोजनिशी लिहायला लावली, तेव्हा सांगितलं होतं, की काय घडलं ते लिहा, काय वाटलं ते प्रार्थनेत सांगा. साठ वर्षं मी तशीच लिहीत आले. त्यामुळे वरच्या नोंदीत कॅसेट कसली, कोणाची, आणि ती गेल्याने कोणाचं काय गेलं, यातलं काही नाही. ते इथे लिहिते.

ज्ञानदेव गवंडी. आमच्याच गावच्या बौद्धवस्तीतला. त्याचे वडील पौड रस्त्यावर खडी फोडायचे. बाराव्या वर्षी तो गवंड्यांना पाणी द्यायला लागला आणि विशीत त्याचा गिलावा बघायला लोक मुद्दाम थांबायला लागले. १९९८ मध्ये आम्ही निवृत्त होऊन इथे घर बांधलं, ते त्याने बांधलं. त्याची बायको जाईबाई माल कालवायची आणि घमेलं वर द्यायची. बांबूच्या परांचीवर उभा असलेला ज्ञानदेव खाली बघत नसे. नुसता हात मागे करायचा आणि घमेलं हातात यायचं. मी खुर्ची टाकून ते बघत बसायची.

त्याच वर्षातली एक गोष्ट लिहायला हवी. मजुरांच्या चहासाठी आमच्या कामवाल्या धोंडाबाईने ओसरीच्या कोनाड्यात वेगळे स्टीलचे पेले ठेवले होते. माझ्या डायरीत नोंद आहे: 'पेले चार आणले.' का आणले, ते मी विचारलं नाही, म्हणून लिहिलंही नाही. आठव्या दिवशी ज्ञानदेव घरून स्वतःचा कप घेऊन आला.

"हे काय?" मी विचारलं.

"माझा कप हाय, बाई. तुमच्या पेल्याला कोनाड्यात एकलं वाटत आसंल, त्याला आत घ्या."

जाईबाई तोंडाला पदर लावून हसली. मी पेले आत नेले आणि त्या दिवसापासून आम्ही सगळे एकाच कपबशांमधून चहा प्यायलो. ज्ञानदेवने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे घरातलं काहीही बिघडलं, की मी त्यालाच निरोप धाडायची, आणि काम झालं की तो चहा घेतल्याशिवाय जात नसे.

जानेवारी १९९९ मध्ये हे गेले. मुलगा, ऋषिकेश, लीड्सला शिकत होता, तो आला आणि महिनाभर राहिला. त्याने येताना एक कॅसेट आणली होती. तिकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याला ती मिळाली होती. सोळा गाणी, सोळा वेगवेगळे बँड. कोणाचंही नाव मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. कव्हरवर ओला रस्ता आणि बस थांब्याखाली बसलेलं कुत्रं. अल्बमचं नाव 'वेट संडेज'. ऋषिकेश म्हणायचा, "आई, यातला एकही बँड दोन वर्षांवर टिकला नाही. म्हणून तर मला आवडते ही." माझ्या कानांना त्यातला बराचसा गोंगाट वाटे. पण पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं वेगळं होतं. नुसती गिटार आणि एका मुलीचा आवाज.

ज्ञानदेव तेव्हा मागची कुंपणभिंत बांधत होता. खिडकीतून त्याला ऐकू जायचं. एक दिवस मालाने भरलेली करणी हातात तशीच धरून तो खिडकीशी आला.

"बाई, ही पोरगी का रडतीया?"

"रडत नाही, गातेय."

"गाताना बी रडता येतं की. म्हन्ती काय?"

मी सांगितलं. कोणीतरी बसने निघून गेलंय, त्याचा कोट बाकावर विसरलाय. पाऊस पडतोय, पण ती काही तो कोट घालत नाही.

"म्हंजी मानूस गेलं आन् कोट ऱ्हायला," ज्ञानदेव म्हणाला आणि भिंतीकडे परत गेला. जाईबाई ओरडली, "माल सुकतुया हितं! गोरीचं मग ऐका!"

ऋषिकेश जाताना त्याच्या सगळ्या कॅसेट इथेच ठेवून गेला.

२००१ च्या पावसाळ्यात जाईबाई काविळीने गेली. गौतमी, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा बारा वर्षांची होती. ज्ञानदेवने दुसरा बिगारी घेतला, पण काम करताना तो खाली बघायला लागला.

तो वस्तीतल्या गायन पार्टीत गायचा, जयंतीला, बुद्धपौर्णिमेला. आवाज जाड, थोडा खरबरीत, पण सुराला पक्का. त्या पार्ट्यांमध्ये सिनेमाची चाल घेऊन त्यावर आपले शब्द बसवायची रीत आहे. २००३ च्या दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला आणि ओसरीच्या पायरीवर बसला.

"त्या कोटवाल्या पोरीची चाल डोक्यातनं जात न्हाई, बाई. म्या तिच्यावर गानं बांधलंय. जाईचं."

"पार्टीत म्हणणार?"

"न्हाई. चार मान्सांत न्हाई म्हनवत मला. गौतमीच्या लग्नात लावायचं. तवा बी मला म्हनवनार न्हाई, म्हून आत्ताच भरून ठिवायचं."

आमच्याकडे टू-इन-वन होता, कोरी कॅसेट नव्हती. त्याला मात्र त्याच कॅसेटवर हवं होतं. "चाल तितली हाय, तर गानं बी तितंच ऱ्हाऊ द्या." मी ऋषिकेशला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "बी साइड भिकार आहे, खुशाल भर." विकत आणलेल्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या पाठीला दोन खाचा मोकळ्या असतात. त्या मी कागदाच्या बोळ्यांनी बुजवल्या आणि वर सेलोटेप लावली. ते कोटाचं गाणं संपल्यावर ए साइडला थोडी कोरी टेप उरत होती, तिथे आधी चाचणी घेतली. मग कॅसेट उलटली.

गाणं सहा मिनिटांचं होतं. कोणाकोणाच्या भिंती दोघांनी बांधल्या, त्यांची नावं त्यात होती. माझंही होतं. दर कडव्याला परत येणारी ओळ अशी: तुझा हात गेला, माझ्याकडं घमेलं ऱ्हायलं. मध्ये एकदा तो थांबला. मी बटणाकडे हात नेला, तर त्याने मानेनेच नको म्हटलं आणि पुढे गायला.

मी कॅसेट त्याला देऊ लागले.

"तुमच्यापाशीच ठिवा. माझ्या घरावर पत्रा हाय, उन्हाळ्यात वाकंल ती. तुमी समदं लिवून ठिवता, तुमच्याकडं हरवायची न्हाई."

डायरीत नोंद आहे: '९ नोव्हेंबर २००३, रविवार. ज्ञानदेवचं गाणं भरलं. कॅसेट कपाटाच्या खालच्या खणात.' कॅसेटवर मात्र मी काही लिहिलं नाही. कव्हर ऋषिकेशचं होतं, त्यावर पेन चालवणं मला बरं वाटलं नाही.

२००८ मध्ये ऋषिकेशचा फोन आला. लवळ्याच्या कॅम्पसवर शिकणारा कोणी अनिमेष त्याला इंटरनेटवर भेटला होता. विसरल्या गेलेल्या ब्रिटिश बँडवर तो लेख लिहीत असे. "त्याला सगळ्या कॅसेट देऊन टाक, आई. कोणीतरी ऐकेल तरी." अनिमेष आला. मूळ अकोल्याचा, नम्र मुलगा. मी खण रिकामा केला आणि देण्यापूर्वी सदतीस कॅसेटची यादी डायरीत उतरवून घेतली. २१ सप्टेंबरच्या पानावर ती आहे. बाविसाव्या क्रमांकावर 'वेट संडेज' हे नाव मी माझ्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलं आहे. लिहिताना मला काहीही आठवलं नाही.

गेल्या दिवाळीपासून ज्ञानदेवचा आवाज बसला. आधी खोकला म्हणून दुर्लक्ष केलं. डिसेंबरात पुण्यात घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता तो पाटीवर लिहून बोलतो. शुक्रवारी गौतमी पेढे घेऊन आली. लग्न नऊ मेला ठरलं.

"आज्जी, बाबांनी पाटीवर लिहून दिलंय, बाईंकडून कॅसेट आण. काय आहे तिच्यात? सांगतच नाहीत."

मी खण उघडला. खणात उशांचे अभ्रे होते.

डायऱ्या काढल्या. तासाभरात तिन्ही गोष्टी सापडल्या: गाणं, खण, यादी. गौतमी शेजारी बसून वाचत होती. बाविसाव्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

आज सकाळी आम्ही लवळ्याला गेलो. कँटीनच्या बाहेरच्या बाकावर अनिमेष लॅपटॉप घेऊन आला. त्याला वाटलं, आम्ही त्याचा लेख वाचायला आलोय.

"आजी, ऋषिकेश सर म्हणाले होते रेअर आहे म्हणून, पण ही तर एकदम रेअर निघाली! मी पूर्ण अल्बमवर लिहिलंय. प्रत्येक बँडचं पुढे काय झालं, ते पण."

लेख इंग्रजीत होता. एक जण शाळेत शिक्षक झाला होता, एक जण बस चालवत होता. ती कोट गाणारी मुलगी कुठे गेली, ते कोणालाच माहीत नव्हतं. लेख चांगला होता. गौतमी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती स्क्रीनजवळ सरकली आणि एका ओळीपाशी थांबून मराठीत मोठ्याने म्हणाली, "'दुर्दैवाने दुसरी बाजू कोणीतरी गावाकडचं रडगाणं भरून नासवली आहे.'"

अनिमेष हसला. "हो ना, काय लोक असतात—"

"माझे बाबा आहेत ते."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. "सॉरी. मला रिअली माहीत नव्हतं."

"कॅसेट कुठे आहे?" मी विचारलं.

"गेल्या मेमध्ये हॉस्टेल बदललं, आजी. सगळ्या कॅसेटना बुरशी आली होती. कॉम्प्युटरवर घेतल्या आणि भंगारात दिल्या."

"दुसरी बाजूही घेतली असशील."

"नाही. अर्ध्या मिनिटात बंद केली."

मला त्याच्यावर रागावता येईना. कव्हरवर जे छापलं होतं, तेच आत असणार असं त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं होतं, आणि मला तर आत काय आहे ते ठाऊक होतं.

त्याने ए साइड लावली. शेवटचं गाणं संपलं, खरखर सुरू झाली. तो बंद करायला गेला, तर मी त्याचा हात धरला. चाचणी तिथेच होती.

"चालू हाय का, बाई?"

"चालू आहे, बोला." हा माझा आवाज.

"काय बोलू? ज्ञानदेव, कासार आंबोली. गवंडी. बास का?"

अकरा सेकंद. गौतमीने तीनदा ऐकलं. अनिमेषने ते कोटाच्या गाण्यासकट तिच्या मोबाइलमध्ये घालून दिलं आणि कॅम्पसचा उतार उतरून रिक्षापर्यंत आमच्याबरोबर चालत आला.

रिक्षात मी म्हटलं, "शब्द तुझ्या बाबांकडे असतील. चाल यात आहे. तू म्हणशील लग्नात?"

"म्हणेन की, आज्जी. पण मी म्हटलेलं मलाच ऐकायचंय का?"

पाचला ज्ञानदेव आला. गळ्याला मफलर, हातात पाटी. पायरीवर त्याच्या नेहमीच्या जागी बसला. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि बाहेर आले. गौतमीने काही न सांगता मोबाइल लावला. इंग्रज मुलगी गायली. त्याची बोटं मांडीवर ताल धरत होती. मग त्याचा आवाज आला. त्याने हात गळ्यावर नेला आणि तिथेच ठेवला. 'बास का?' झाल्यावरही तो वाट बघत राहिला. मग पाटीवर लिहिलं: 'गानं?'

"गेलं, बाबा," गौतमी म्हणाली.

मी सगळं सांगितलं. खण, यादी, बाविसावा क्रमांक. काही लपवलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग पाटी पुसून त्याने सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे फिरवली.

'तुमी तर समदं लिवून ठिवता.'

"लिहिलं होतं, ज्ञानदेव. कॅसेटवर नाही लिहिलं."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. तो उठला.

"चहा ठेवलाय," मी म्हणाले. "थांबा, आणते."

त्याने हातानेच नको म्हटलं. फाटकाजवळ स्वतः बांधलेल्या भिंतीवर क्षणभर पंजा टेकवला आणि बाहेर पडला. गौतमी मला नमस्कार करून त्याच्या मागे गेली.

रात्रीच्या जेवणाआधी आजची नोंद पुरी केली. शेवटची ओळ अशी आहे: 'दूध अर्धा लिटर उरलं. विरजण लावलं.'