निळी, हिरवी आणि जाऊबाईंचा नारळ

दोन वस्तूंची किंमत सारखी निघाली की माणसाचे हाल होतात, हे मला ह्या वयात कळलं. आमच्या घरात आजवर जे काही आलं ते स्वस्ताईनं निवडून दिलं. कुकर, पंखा, शिलाई मशीन, सगळं. आपण नुसतं दुकानात उभं राहायचं, आणि जे कमी पैशात ते आवडलं म्हणायचं. ह्या दोन सायकलींनी मात्र माझी झोप घालवली.

सायकल माझ्या सुनेची. मुलगा पुण्याला नोकरीला, म्हणून पिपरी मेघेच्या घरात आम्ही दोघीच. ती पवनारच्या शाळेत शिकवते आणि पहाटे सायकलवाल्यांच्या घोळक्यात निघून जाते. मागच्या हिवाळ्यात तिनं मैत्रिणीची रेसिंगची सायकल मागून आणली आणि दोनशे किलोमीटरच्या राइडला गेली. पहाटे निघायचं आणि ठरल्या वेळेच्या आत परत पोचायचं. ती परत आली टेम्पोतून. फाटकाबाहेरून हाक मारली, "आई, कडी काढा ना." मी आतूनच ओरडले, "काऊन, तुले हात नाई काय?" बाहेर येऊन पाहते तर खरंच नव्हते. म्हणजे होते, पण बोटं अशी बधिर झालेली की कडी उचलता येईना. वाकून वाकून सगळं अंग तळव्यांवर आलेलं. घोटभर चहा मी तिला पाजला, लहान लेकराला पाजावा तसा.

तर यंदा तिनं स्वतःची सायकल घ्यायचं ठरवलं. "एकदा जाऊन पाहतो आई. ह्या वेळी नाई झालं तं मंग नादच सोडतो," म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते हसणं काही बरं वाटलं नाही.

वर्ध्याच्या दुकानात दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या. दसरा नुकताच झालेला, झेंडूचा हार दाराला सुकून लटकत होता. एक निळी, उचलली तर पोह्याच्या पिशवीसारखी हलकी, मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल पार खाली. दुसरी हिरवी, तिचंही हँडल तसंच, पण जरा वर, चाकं थोडी रुंद, वजनाला जड. निळी पळणार, पण तिच्यावर वाकावं लागणार. हिरवी हाताला बरी, पण तिच्यावर वेळेत होईल का? सून ह्या सायकलीवरून त्या सायकलीकडे बघायची आणि मी सुनेकडे.

"हिले स्टँड नाई?" मी दुकानदाराला विचारलं.

"नसते काकू, ह्या गाड्यांले."

"मंग उभी कशी करतेत?"

"भिंतीले टेकवतेत."

इतक्या पैशाची वस्तू आणि भिंतीला टेकवायची! पण दुकानदार चांगला माणूस. म्हणाला, दोन्ही एकेक दिवस घरी न्या, चालवून पाहा, मग सांगा. आधी निळी न्या.

आमची मोठी जाऊ शेजारीच राहते. दुसऱ्या दिवशी सून निळीवरून पवनारच्या पुढपर्यंत जाऊन आली, सायकल अंगणात भिंतीला टेकवली आणि आंघोळीला गेली. मी आत पोळ्या लाटत होते. बाहेर खटकन नारळ फुटल्याचा आवाज आला. पळत गेले तर निळीच्या हँडलवर हळदकुंकू, चाकाखाली चिरडलेलं लिंबू, आणि जाऊबाई हातात खोबरं घेऊन उभ्या.

"काऊन वं, नवी गाडी आणली अन् पूजा नाई केली? मलेच करा लागली."

"अहो जाऊबाई, अजून घेतली नाई ती! पाहाले आणली!"

"पाहाले? सायकल हाय का नवरी?" मग त्यांचाही चेहरा पडला. "पन आता पूजा झाली. पूजलेली गाडी घरातून परत धाडतेत काय? अपशकुन होते."

सून केस पुसत बाहेर आली. कुंकू बघितलं, खोबऱ्याचा तुकडा घेतला, जाऊबाईंच्या पाया पडली. "छान केलं मोठ्या आई. हीच घेऊ." झालं. भांडण नाही, काही नाही. हिरवीवर तर ती बसलीसुद्धा नव्हती.

दुपारभर मला एका जागी बसवेना. तूर निवडायला घेतली, ठेवून दिली. फाटकापर्यंत गेले, परत आले. सून वह्या तपासत होती आणि मधेच पेन ठेवून अंगठ्यानं तळवा चोळत होती.

"मुंग्या येऊन राह्यल्या काय?"

"थोड्याशा. होईन सवय."

"सवय कशाले? टेम्पोची?"

तिनं पुढची वही उघडली. डोळे वहीवरून उठले नाहीत. मी उठले, ओल्या फडक्यानं निळीचं कुंकू पुसलं आणि म्हटलं, "चाल. दुकानात चाल." जाऊबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

दुकानदारानं सायकल बघितली. एका फटीत कुंकू राहिलं होतं, तेच नेमकं त्याला दिसलं. "काकू, पूजा झाली काय हिची? मंग मी दुसऱ्याले कशी विकू? गिऱ्हाईक काय म्हनन?"

सून माझी बाही ओढत होती, चला, राहू द्या. आणि माझं लक्ष दाराकडे गेलं.

"भाऊ, हा हार कशाचा?"

"दसऱ्याचा."

"दसऱ्याले पूजा कोनाची केली?"

"दुकानाची. सगळ्या मालाची."

"मंग हा सगळाच माल पूजलेला हाय. एकही विकू नोको!"

त्यानं हाराकडे बघितलं आणि तो इतका हसला की शेजारचा हवा भरणारा डोकावला. "न्या काकू, हिरवी न्या. चालवून पाहा."

सुनेनं चालवून पाहिली आणि हिरवीच घरी राहिली. जाऊबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. राइडच्या पहाटे मात्र लिंबू घेऊन हजर. "पक्की हाय ना? का उद्या तिसरी आणता?"

तो दिवस कसा काढला माझं मला माहीत. अंगण दोनदा झाडलं. फोन हातात घेतला, ठेवला. हिरवी जड, वाटेत चढ, वेळ कमी पडला तर? निळी पळाली असती. मीच तर ती परत नेली. दिवे लागले. जाऊबाई येऊन पायरीवर बसल्या. "टेम्पो आला तं आवाज येईनच. बस तू."

टेम्पो आला नाही. फाटकाशी कोणीतरी थांबलं. मी धावायला उठले, तर जाऊबाईंनी पदर धरला. "थांब. तिले काढू दे."

आमची कडी जरा अडकते, उचलून ओढावी लागते. ती उचलली गेली. मागोमाग चाकाची टिकटिक अंगणात आली.

"मी वेळेत पोचली, आई," सून म्हणाली, आणि सायकल टेकवायला भिंत शोधू लागली. जाऊबाईंनी तिचे दोन्ही हात दिव्याकडे धरून बोटं एकेक दाबून बघितली.

"नारळ निळीवर फोडला," त्या म्हणाल्या, "पन देवाले बरोबर समजलं."