चाळीस हजार घोडे आणि जयवंताबाई

जयवंताबाईंच्या भाजीच्या दुकानात उजव्या हाताला तराजू असे आणि डाव्या हाताला ग्रंथालयाचं पुस्तक. ओल्या कोथिंबिरीचे डाग पडू नयेत म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. शिक्षण सातवीपर्यंत, तेल्हाऱ्याला. लग्नानंतर चांदूर रेल्वेला दोन एकरांत भाजी पिकवली आणि सव्वीस वर्षं ती अमरावतीत आणून विकली. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की वाचन.

बाहेरगावच्या माणसाला ग्रंथालयाचं सभासद व्हायला कार्डावर शहरातल्या एका सभासदाची सही लागते. ती कार्यवाह कमलाकांत वकिलांनी दिली होती. पुढे त्यांच्या अकोल्याच्या भाच्याने, ईशानने, सातशे पानांची कादंबरी लिहिली. राजेरजवाड्यांच्या काळासारखं एक काल्पनिक राज्य, किल्ले, वेढे, आग ओकणारा उडता अजगर. ग्रंथालयाने तिच्यावर चर्चा ठेवली आणि वाचक म्हणून बाईंना पाच मिनिटं दिली. बाईंनी दोन पानं लिहून आणली, एकावर गुण, दुसऱ्यावर दोष. वकिलांनी ती चाळली आणि दुसरं पान स्वतःच्या खिशात घातलं.

"गुण तेवढे वाचा, जयवंताबाई. पोराचं पहिलंच पुस्तक आहे."

"काहून? त्याची सातशे पानं मी वाचली. माही दोन त्याले जड होतात का?"

"कार्डावर सही माझी आहे, ध्यानात ठेवा."

बाई उरलेलं पान घेऊन जागेवर जाऊन बसल्या. ग्रंथालय दुरुस्तीसाठी बंद होतं त्या वर्षी त्यांनी पुड्यांचे कागद उलगडून वाचले होते. तशी दुपार पुन्हा नको होती.

नाव पुकारल्यावर त्या उभ्या राहिल्या. पहिलं पान वाचलं. किल्ला पडतो तेव्हा राणी दागिने घेते आणि तिची म्हातारी दासी पदराच्या गाठीत भोपळ्याचं बी बांधते. "हे पान मी सात वेळा वाचलं. ज्यानं हे लेहलं त्याले लेहता येते." टाळ्या पडल्या. वकील आभार मानायला उठले.

"बसा, वकीलसाहेब. दुसरं पान तुमच्या खिशात हाय, पण मले पाठ हाय. चाळीस हजार घोडे तीन वर्षं किल्ल्याखाली उभे हायेत. वैरणीची एक गाडी दिसली कोनाले? राजाचे चार पानं भाषण, अन् सैपाक कोन करते त्याचा पत्ता नाई."

सभा हसली. ईशान लाल झाला. "मावशी, ते काल्पनिक जग आहे."

"अजगर मानला न बावा म्या! पन पोट तं खरं ठेव. ते दासी एका पानात येऊन गेली, तिले काहून सोडलं? सारं पुस्तक तिचं होतं."

मग त्यांनी पिशवीतून सभासदत्वाचं कार्ड काढलं, वकिलांच्या पुढ्यात ठेवलं आणि चांदूरची बस गाठली.

सोमवारी त्या पुस्तक परत करायला आल्या. ग्रंथपाल रमाताईंनी कार्ड पुढे सरकवलं. वकिलांची सही खोडलेली होती. तिच्याखाली रमाताईंनी स्वतःची केली होती.

"ईशान दुसरा भाग लिहितोय," रमाताई म्हणाल्या. "घोडे काय खातात ते विचारायला येणार आहे तुमच्याकडे."

"येऊ द्या. दुकानावर ये म्हना त्याले, दुपारी." बाईंनी कार्ड पिशवीत टाकलं. "अन् रमाताई, सही केली म्हणून मी त्या भागाले गप बसीन, असं समजू नका."

"म्हणून तर केली," रमाताई म्हणाल्या.