दहाव्याची रंगीत तालीम

आमच्या भागात माणूस गेला की पहिला फोन फ्लेक्सवाल्याला जातो. न्हावी, भटजी, सोयरेधायरे सगळे नंतर. प्रेताला आंघोळ घालेपर्यंत चौकात फ्लेक्स लागलेलासुद्धा असतो, आणि मेलेला माणूस त्याच्यावरून स्वतःच्याच मयताकडे बघत हसत असतो. मला त्या फ्लेक्सची इतकी शिसारी आहे की एसटी चौकात थांबली की मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसते.

त्याला कारण आहे. आमचे हे उसाचे शेतकरी. जन्मभर अंगात बंडी आणि डोक्याला टॉवेल. ते गेले तेव्हा फ्लेक्ससाठी फोटो शोधला तर एकच सापडला, म्हशीला इंजेक्शन देताना तिची शिंगं धरून उभे असतानाचा. देवळालीच्या स्टुडिओवाल्यानं म्हैस कापली, टॉवेल पुसला आणि आमच्या ह्यांचं मुंडकं कुणाच्या तरी कोट-टाय घातलेल्या धडावर बसवलं. रंग असा उजळवला की सोललेला बटाटा. म्हैस लाथ मारेल या भीतीनं वासलेलं तोंड तेवढं तसंच राहिलं. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि कडेनं हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो, मेलेल्या माणसापेक्षा मोठे. शी!

थोरल्या जाऊबाई माझा हात धरून त्या फ्लेक्सपुढं उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ह्यो कोन पाव्हना? आपलं मानूस कुठंय?”

आमच्या नगर जिल्ह्यात दहाव्याला भाषणं होतात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, म्हणून सांगते. नदीकाठी मंडप टाकतात. पिंडदान होतं, कावळा शिवतो, महाराजांचं प्रवचन होतं, आणि मग निवेदक माईक हातात घेऊन एकेका पुढाऱ्याचं नाव पुकारतो. प्रत्येक जण “मी जास्त वेळ घेणार नाही” म्हणतो आणि घेतो. ह्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, कुणाला ताटकळत ठेवायची त्यांना सवयच नव्हती. भाषणं मात्र ऊन डोक्यावर आलं तरी संपेनात.

त्यातला एक पुढारी त्या सकाळी आणखी कुठले कुठले दहावे उरकून आला होता. गाडीतून उतरला तो थेट माईकवर. डोळे मिटले आणि गहिवरून म्हणाला, “या माउलीनं पोटाला चिमटा काढून लेकरं वाढवली. अशी आई होणे नाही.”

मंडपात कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांच्या माना खाली. माझा मुलगा, ताजं मुंडण केलेला, हात जोडून तसाच उभा. जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या, “बया! भावजींचं बाळंतपन कवा झालं गं?”

मग आम्हा दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. पदर तोंडात कोंबला, पण खांदे गदागदा हलायला लागले. मागच्या बाईला वाटलं आम्ही हंबरडा फोडतोय. ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “रडा, मोकळ्या व्हा.” त्यावर तर जाऊबाई खालीच बसल्या.

घरी आल्यावर मात्र मला ओकारी यायची तेवढी राहिली. माझा माणूस पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून अर्ध्या शिवाराला शिव्या घालायचा. मला रोज सायकलवर शाळेत सोडायचा, आणि उतार आला की मी किंचाळावं म्हणून मुद्दाम ब्रेक लावायचा नाही. कालवणात मीठ कमी पडलं तर न बोलता खायचा आणि संध्याकाळी मिठाची पुडी आणून माझ्या उशाला ठेवायचा. त्या माणसाबद्दल त्या मंडपात एक खरं वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. एवढा चुकीचा पेपर मी दुसरा बघितला नाही.

पुढं जाऊबाई गेल्या. जायच्या आधी मला बजावून ठेवलं होतं, “माज्या दहाव्याला कुनी भाषन केलं तर उठून बशीन.” त्यांच्या दहाव्यालाही भाषणं झाली. त्या काही उठल्या नाहीत. मी मात्र शेवटपर्यंत वाट बघत होते. त्या दिवशी शेजारी कानाशी लागायला कुणी नव्हतं, आणि भाषणं पूर्वीपेक्षा लांब वाटली.

आता माझी पाळी आहे. पोटात गाठ आहे आणि ती काढण्यातली नाही. नगरच्या डॉक्टरांनी हे माझ्या मुलाला दाराबाहेर नेऊन सांगितलं, आणि मुलानं आत येऊन मला ॲसिडिटी झाल्याचं सांगितलं. मी म्हटलं, “ॲसिडिटीला कुणी रडतं का रे बाबा? नाक पूस आधी.”

दुखणं परवडलं, पण भेटायला येणारे नकोत. बिस्किटाचे पुडे आणि केळी घेऊन येतात, माझ्याकडं बघतात, मग एकमेकांकडं बघतात. एक बाई म्हणाली, “आमच्या मावशीला हेच झाल्तं, पण मरायच्या दिवसापत्तुर चहा घेत होत्या.” दुसरी माझा हात उलटा करून नखं बघत बसली, बाजारात भेंडी बघावी तशी. औषधांनी आधीच मळमळतं, त्यात ही माणसं. मी एकीला विचारलं, “काय म्हणता, अजून आठवडाभर टिकेन ना? नाहीतर तुमची केळी वाया जायची.”

एक दिवस मुलगा मोबाईल घेऊन समोर आला. “आई, जरा खिडकीकडं बघ. हां. आता थोडी हस.”

या पोरानं आजवर माझा फोटो काढल्याचं मला आठवत नाही. कशासाठी ते मी ओळखलं आणि माझं डोकंच फिरलं. मी त्याला तिथंच सांगितलं, माझा फ्लेक्स नको. माझ्या दहाव्याला मंडप नको, माईक नको, एकही भाषण नको. घरच्या माणसांनी नदीवर जावं, आणि माझ्याबद्दल एकानं तरी एक खरं वाक्य बोलावं. मेलेल्या बाईचं एवढंच मागणं आहे.

“आसं कसं करता येईल, आई?” तो म्हणाला. तो गावच्या विकास सोसायटीचा संचालक आहे. रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या दहाव्याला हजर असतो. “लोकं नावं ठेवतील. म्हनतील आईचं धड केलं न्हाई.”

“तुझ्या बापाला माउली केलं, तेव्हा कुठं गेले होते लोक? तू तरी बोलायचंस!”

“कळत न्हवतं का मला?” तो चिडला. “पन लोकं बोलत्यात तवर आपल्याला बोलावं लागत न्हाई.”

मला वाटलं, काय हे भित्रं पोर जन्माला घातलं मी! दोन दिवस आमचं धड बोलणं नव्हतं.

तेवढ्यात मला भेटायला खुद्द तो निवेदक आला. पंचक्रोशीतला कुठलाही दहावा त्याच्या आवाजाशिवाय होत नाही. पांढरे कपडे, खिशाला पेन. हा माझाच विद्यार्थी. बिस्किटाचा पुडा ठेवून तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि चेहरा पाडला. मी म्हटलं, “बरा सापडलास. उठ आणि माझ्या दहाव्याचं भाषण कर.”

“बाई, काहीतरीच काय! शुभ बोला.”

“मेल्यावर मला ऐकू येणार नाही. चुका कोण तपासणार? उभा राहा म्हणते ना!”

तो राहिला उभा. हातात माईक नव्हता तरी सवयीनं मूठ तोंडापाशी गेली. “आज आपल्यात नसलेल्या...”

“आहे.”

“आज आपल्यात असलेल्या... वात्सल्यमूर्ती, मायेचा सागर, ज्यांनी आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही...”

“तुझा कान बघू इकडं. तो कोण पिळायचं रे?”

स्वयंपाकघरातून सून फिस्सकन हसली. त्याला घाम फुटला, पण गाडी रुळावरून उतरेना. “ज्ञानदानाच्या यज्ञात आपल्या देहाची समिधा...” म्हणाला मात्र, आणि मला खरोखरच उमळून आलं. सुनेनं धावत येऊन पातेलं धरलं. “औषधाचं हाय,” ती त्याला म्हणाली. मी तोंड पुसून म्हटलं, “छे, समिधेचं आहे.”

तो बिचारा पार गांगरला. काय करावं सुचेना तेव्हा त्यानं जे नेहमी म्हणतो तेच म्हणून टाकलं, “यानंतर कुटुंबाच्या वतीनं चिरंजीव दोन शब्द बोलतील,” आणि मटकन खाली बसला.

चिरंजीव दारात उभे होते, हातात मोटरसायकलची किल्ली. मला वाटलं, हा आता पाय आपटत निघून जाणार. तो गेला नाही. माझ्याकडं न बघता निवेदकालाच सांगावं तसं म्हणाला, “ह्या बाईनं मला चौथीत नापास केलं.”

मी लगेच म्हटलं, “भागाकार येत नव्हता तुला.” ही गोष्ट मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. पोटच्या पोराला नापास केलं, पण एक मार्क वाढवला नाही.

“वडील तिच्याशी किती दिस बोलले न्हाईत. गावातले म्हनायचे, काय आई हाय का कोन हाय. मला जवळ घ्यायचे.” तो किल्ली बोटावर फिरवत थांबला. “मला भागाकार येत हुता.”

“काय म्हणालास?”

“येत हुता. पाचवीला लांबच्या शाळेत जावं लागलं आसतं. घरी तू कवा दिसायची आई? पहाटं गुरं, चूल, धुनं, रात्री वह्या तपासनं. वर्गात दिवसभर दिसायची. म्हनून गनितं सोडवलीच न्हाईत. आनिक येक वरीस तुज्यासमोर बसायला मिळालं.”

सून पातेलं धरून तशीच उभी राहिली. निवेदक रुमाल शोधत होता, आणि या वेळी त्याला तो खरोखर लागणार होता.

मी नेटानं म्हटलं, “हेच बोल. दहाव्याला उभा राहा आणि हेच सांग. मग पाहिजे तेवढे मंडप घाल, माझं काही म्हणणं नाही.”

“तिथं न्हाई जमायचं.”

“का? लाज वाटते लोकांची?”

“न्हाई गं,” तो म्हणाला, “तिथं सांगू कुनाला? तू नसशील ना तिथं.”

मी खाटेवर थोडी सरकले आणि बाजूची चादर सारखी केली. तो येऊन बसला.

“अजून काय काय येत होतं रे तुला?” मी विचारलं.